रक्त काढून किती वेळ झाला? फुप्फुसाच्या कर्करोगातला दाह अभ्यासताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे एक देखणा आलेख तयार झाला होता. एका बाजूला प्रगत अवस्थेतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे वीसेक रुग्ण, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसं. रुग्णांच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये स्टॅट-३ नावाचं प्रथिन जागं झालेलं, निरोगी माणसांत ते शांत. दोन्ही गटांतले ठिपके एकमेकांत जवळजवळ मिसळतच नव्हते. लॅब मीटिंगमध्ये मी तो पडद्यावर लावला तेव्हा मला वाटलं, प्रबंधाचं पहिलं प्रकरण हाती आलं.

माझ्याहून तीन वर्षांनी सीनियर असलेल्या ताईंनी एकच विचारलं, "रक्त काढल्यापासून पेशी फिक्स होईपर्यंत किती वेळ गेला होता?"

फिक्स करणं म्हणजे रसायनाने पेशी त्या क्षणी आहेत तशा थिजवणं. निरोगी माणसं म्हणजे आमच्याच मजल्यावरची मुलं-मुली. त्यांचं रक्त वीस मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये जायचं. रुग्णांचं रक्त शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयातून यायचं. ओपीडी संपायची, सगळ्या नळ्या एकत्र व्हायच्या, मग डबा निघायचा, वाटेत ट्रॅफिक. तीन तास, कधी चार. मी वेळेची नोंदच ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी माझंच रक्त काढून घेतलं, निम्मं लगेच फिक्स केलं आणि निम्मं त्याच डब्यात चार तास ठेवलं. डब्यातल्या मोनोसाइट जवळपास रुग्णांसारख्या दिसल्या. म्हणजे मी सात महिने मोजत होते त्यातला मोठा भाग कर्करोगाचा नव्हता, तो डब्यातल्या वाट पाहण्याचा होता.

या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिताना मला याच गोष्टीपासून सुरुवात करावीशी वाटली. कारण पुढे जसजसं वाचत गेले तसतसं जाणवलं, की वेळेचा हा प्रश्न आमच्या टेबलापुरता नाही. फुप्फुसाच्या कर्करोगातल्या दाहाबद्दल गेल्या काही वर्षांत जे मोठं यश मिळालं आणि जे मोठं अपयश आलं, त्या दोन्हींच्या मुळाशी 'कधी' आणि 'किती वेळ' हेच प्रश्न आहेत.

आधी सिग्नलिंग म्हणजे काय ते साध्या शब्दांत. पेशीला बाहेरून आलेला तो सांगावा असतो. समजा, इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू पेशीच्या दारावर, म्हणजे रिसेप्टरवर, येऊन बसला. आत त्या दाराला चिकटून जॅक नावाची एन्झाइम असतात. ती जागी होतात आणि स्टॅट-३ ला फॉस्फेटचा एक गट चिकटवतात. फॉस्फेट लागलेले दोन स्टॅट-३ जोडीने केंद्रकात जातात आणि ठरावीक जनुकं सुरू करतात. हे सगळं काही मिनिटांत होतं. आम्ही फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, मोजतो तो हाच फॉस्फेट. तो जसा पटकन लागतो तसा पटकन निघूनही जातो, आणि नळीतल्या पेशी जिवंत असल्यामुळे त्या नळीतही एकमेकींना सांगावे धाडत राहतात. थंडी, हलणं, काचेचा किंवा प्लास्टिकचा स्पर्श, या सगळ्याला त्या उत्तर देतात. पेशीला ती रुग्णाच्या शरीरात आहे की डब्यात, हे कुणी सांगत नाही.

दाह हा शब्द ऐकला की आपल्याला सूज, लाली, ताप आठवतो. कर्करोगातला दाह बहुतेक वेळा असा दिसत नाही. तो मंद असतो आणि थांबत नाही. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ व्हिर्चोने १८६३ साली नोंदवलं होतं. पण वॉर्डात उभं राहिलं की हा दाह पुस्तकाबाहेरही दिसू लागतो. "अन्न जात नाही हो, तोंडाला चवच नाही," असं नातेवाईक सांगतात. दोन महिन्यांत कपडे ढगळ झालेले असतात. रिपोर्टमध्ये सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं, प्लेटलेट चढलेल्या. या सगळ्याच्या मागच्या धाग्यांपैकी एक धागा इंटरल्यूकिन-६ चा आहे. त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं आणि हेप्सिडिनही बनवतं, आणि हेप्सिडिन लोह अडवून ठेवतं. माझी सूचना अशी, की रिसर्च पेपर उघडण्याआधी रुग्णाचा साधा सीबीसी वाचायला शिका. त्यातला न्यूट्रोफिलचा आकडा लिम्फोसाइटच्या आकड्याने भागा. हे गुणोत्तर जितकं जास्त तितकी रोगाची वाटचाल वाईट, असं फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलंय. प्रत्येक फाइलमध्ये असलेल्या कागदावर हे कळतं. महागडं यंत्र लागत नाही.

आता ती गोष्ट, जिने मला या विषयाकडे ओढलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कॅन्टोस नावाच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. चाचणी हृदयरोगाची होती. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी चढं असलेले १०,०६१ लोक, आणि इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाच्या दुसऱ्या रेणूला बांधून ठेवणारं कॅनाकिनुमॅब नावाचं अँटिबॉडी औषध. दाह कमी केला तर पुढचा अ‍ॅटॅक टळतो का, हा प्रश्न होता. बॉस्टनचे पॉल रिडकर हे या चाचणीचे प्रमुख. कर्करोगाचे आकडे त्यांनी बाजूला मोजून ठेवले होते, आणि त्यातून जे बाहेर आलं ते थक्क करणारं होतं. सर्वांत जास्त म्हणजे ३०० मिलिग्रॅमचा डोस घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण ६७ टक्क्यांनी आणि त्याने होणारे मृत्यू ७७ टक्क्यांनी कमी होते. औषधाची दुसरी बाजूही होती, जीवघेणे संसर्ग वाढले. तरीही एका सांगाव्याची वाट अडवली आणि कर्करोग मागे राहिला, हे वाचून मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी रात्रभर जागी होते.

साहजिकच पुढचं पाऊल टाकलं गेलं. कॅनोपी या नावाने तीन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत प्रगत रोगासाठी पहिल्याच उपचारात केमो आणि पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारपेशींना मोकळं करणाऱ्या) औषधाच्या जोडीला कॅनाकिनुमॅब दिलं. दुसरीत आधीचे उपचार थकल्यावर डोसेटॅक्सेल या केमोसोबत दिलं. तिसरीत गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर रोग परतू नये म्हणून दिलं. २०२१ आणि २०२२ मध्ये एकामागून एक निकाल आले आणि तिन्ही चाचण्या आपल्या मुख्य उद्दिष्टात अयशस्वी ठरल्या.

तोच रेणू, तेच औषध, तोच अवयव. मग झालं काय? मला पटणारं उत्तर २०२३ च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाच्या कामात सापडतं. त्यांना दिसलं, की फुप्फुसाच्या कर्करोग नसलेल्या, निरोगी दिसणाऱ्या भागातही कर्करोगाशी जोडलेले जनुकबदल असतात. तपासलेल्या नमुन्यांपैकी १८ टक्क्यांत ईजीएफआर या जनुकात आणि ५३ टक्क्यांत केरास या जनुकात बदल सापडले. म्हणजे ठिणगी अनेकांच्या छातीत असते आणि बहुतेकांची तशीच विझून जाते. हवेतले पीएम २.५ कण फुप्फुसात गेले, की तिथल्या मॅक्रोफेज पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात, आणि त्या सांगाव्यामुळे बदल झालेल्या पेशी मूळपेशींसारख्या होऊन वाढू लागतात. उंदरांमध्ये प्रदूषणाच्या काळातच या रेणूला अडवलं तर गाठी कमी झाल्या. माझ्या वाचनानुसार कॅन्टोसमध्ये औषधाने गाठ उगवण्याचा किंवा अगदी लहान गाठ मोठी होण्याचा टप्पा अडवला असावा. कॅनोपीत औषध पोचलं तेव्हा ठिणगीचा वणवा झाला होता आणि त्याला इंटरल्यूकिन-१ बीटाची गरज उरली नव्हती. कॅनोपीच्या अपयशाला 'दाहाची कल्पनाच चुकीची होती' असं म्हणून मोडीत काढणारे लोक भेटतील. मला ते घाईचं वाटतं.

दुसरं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि मला जास्त आवडतं. पीडी-१ हा टी-पेशींवरचा, म्हणजे गाठीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा, ब्रेक. क्योटोत तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ मध्ये सापडला, आणि २०१८ चं नोबेल होन्जो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं. हा ब्रेक काढणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबची कीनोट-०२४ ही चाचणी ३०५ रुग्णांवर झाली. ज्यांच्या गाठीतल्या ५० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींवर पीडी-एल१, म्हणजे हा ब्रेक दाबणारं प्रथिन, आहे अशांनाच तिच्यात घेतलं होतं. पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅब गटातले सुमारे ३२ टक्के रुग्ण जिवंत होते, केमोच्या गटातले सुमारे १६ टक्के. चौथ्या अवस्थेतल्या फुप्फुसाच्या कर्करोगात पूर्वी असं कुणी बोलतही नसे. तरीही निवडून घेतलेल्या रुग्णांतलेसुद्धा दोन-तृतीयांश पाच वर्षं पाहू शकले नाहीत, आणि आमच्या क्षेत्रातले बहुतेक लोक त्यांच्याचसाठी राबतात.

इथे इंटरफेरॉन येतो. टी-पेशी गाठीवर चालून जाते तेव्हा इंटरफेरॉन-गॅमा सोडते. तो जॅक-१ आणि जॅक-२ मार्फत स्टॅट-१ ला जागं करतो आणि गाठ ओळखू यायला मदत होते. काही मेलानोमा रुग्णांच्या गाठींनी जॅकची जनुकंच बिघडवून घेतली आणि पीडी-१ औषधाला दाद देणं सोडलं, हे २०१६ मध्ये दिसलं होतं. म्हणजे हा सांगावा हवाच. मग जॅक अडवणारं औषध इम्युनोथेरपीसोबत देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, असं कुणीही म्हटलं असतं, मीही म्हटलं होतं. पण जून २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गटाचा अभ्यास आला. २१ रुग्णांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, मग सहा आठवडे त्यासोबत इटासिटिनिब हे जॅक-१ अडवणारं औषध, आणि मग पुन्हा नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब. ६७ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. इंटरफेरॉनचा सांगावा थोडा वेळ आला तर टी-पेशी चवताळतात. तोच महिनोन्महिने येत राहिला तर त्या थकतात. मध्येच काही आठवडे तो बंद ठेवला तर काही टी-पेशींना उसंत मिळते, असा त्यामागचा विचार. चाचणी लहान आहे, तुलनेचा गट नाही, त्यामुळे हुरळून जाऊ नका. पण प्रयोगाची रचना नीट पाहा. औषध कुठलं यापेक्षा ते कुठल्या आठवड्यात सुरू आणि कुठल्या आठवड्यात बंद, यावर सगळं उभं आहे.

आता टेबलावरच्या गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आम्ही पेशी फिक्स करण्याचं काम रक्त काढतात त्या खोलीच्या शेजारीच करतो. एक छोटा कोपरा मागून घेतला आहे. नळी हातात आल्यापासून पाच मिनिटांच्या आत रक्तात फिक्सेटिव्ह पडतं, आणि नोंदवहीत 'काढलं' आणि 'फिक्स' असे दोन रकाने आहेत. अशा रीतीने नव्याने केलेल्या मोजणीत रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक उरला, पण तो लहान आहे आणि काहीच रुग्णांत आहे. मला तो पहिल्या आलेखापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

फिक्स झाल्यावर पेशींना मेथॅनॉलने भोकं पाडावी लागतात, म्हणजे अँटिबॉडी आत जाते. मेथॅनॉल पीई आणि एपीसी हे अँटिबॉडीला जोडलेले चमकणारे रंग नासवतं. त्यामुळे कुठला रंग मेथॅनॉलच्या आधी आणि कुठला नंतर, हे पॅनल, म्हणजे अँटिबॉडी आणि रंगांची यादी, आखतानाच ठरवा. प्रत्येक वेळी एक नळी इंटरल्यूकिन-६ देऊन १५ मिनिटं ठेवलेली आणि एक काहीच न दिलेली, अशा दोन नळ्या सोबत चालवा. चेतवलेली नळी चमकली नाही तर त्या दिवशीचा बाकी डेटा कितीही मोहक असला तरी वापरू नका.

स्टेरॉइड ही दुसरी खाच. पेमेट्रेक्सेड ही केमो देताना आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेक्सामेथासोन देतात. स्टेरॉइडने लिम्फोसाइट कमी होतात, न्यूट्रोफिल वाढतात आणि दाहाचे सांगावे दबतात. केमोच्या दिवशी सकाळी घेतलेलं रक्त म्हणजे डेक्सामेथासोनचं रक्त. रुग्णाच्या औषधांचा कागद स्वतः पाहा, डे-केअरमधल्या सिस्टरांना विचारा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आपल्याकडची आणखी एक अडचण परदेशी पेपरांत सहसा सापडणार नाही, ती म्हणजे टीबी. खोकला, वजन उतरणं आणि एक्स-रेवर डाग यावरून अनेकांना आधी टीबीची औषधं सुरू होतात आणि कर्करोगाचं निदान महिन्यांनी होतं. काहींना खरोखर दोन्ही असतात. टीबीमध्येही इंटरफेरॉनचे सांगावे जोरात चालतात. त्यामुळे रुग्णाचा टीबीचा इतिहास नोंदवला नाही तर आपण कुठला दाह मोजतोय हेच कळणार नाही.

न्यूट्रोफिलबद्दल एक मिनिट थांबते, कारण त्यांच्यावर अन्याय होतो. फायकॉल या जड द्रावावर रक्त चढवून फिरवलं की नेहमीचे न्यूट्रोफिल लाल पेशींसोबत तळाला जातात आणि मधल्या पांढऱ्या थरात लिम्फोसाइट व मोनोसाइट राहतात, असं आपण शिकतो. कर्करोगाच्या रुग्णांत कमी घनतेचे न्यूट्रोफिल असतात आणि ते या पांढऱ्या थरात येऊन बसतात. त्यातले काही टी-पेशींना दाबतात. म्हणजे ज्या थराला तुम्ही निरोगी माणसाच्या थरासारखाच समजताय, तो तसा नसतो. शिवाय न्यूट्रोफिल गोठवून ठेवता येत नाहीत, वितळताना मरतात. त्यांच्यात आरएनए कमी आणि ते तोडणारी एन्झाइम भरपूर, म्हणून एकेका पेशीचं आरएनए वाचणाऱ्या तंत्रातही ते अनेकदा निसटतात. एसटीके-११ जनुक बिघडलेल्या फुप्फुसाच्या गाठी टी-पेशींना दूर ठेवतात, आणि उंदरांत तरी अशा गाठींत न्यूट्रोफिल खूप दिसतात. इथे नव्या माणसाला करण्यासारखं भरपूर काम पडून आहे. अट एकच, रक्त ताजं हवं आणि तुम्ही त्या दिवशी घरी उशिरा जायला तयार हवं.

गाठीचा तुकडा मात्र सहज मिळेल अशी आशा धरू नका. सुईने काढलेला दोऱ्याएवढा नमुना आधी पॅथॉलॉजिस्टकडे जातो, मग उपचार ठरवणाऱ्या चाचण्या: ईजीएफआर, एएलके, आरओएस-१, पीडी-एल१. रुग्णाचा उपचार त्यावर ठरतो, तिथे संशोधनाने हात पसरू नये. त्याऐवजी छातीत झालेलं पाणी पाहा. धाप कमी करण्यासाठी ते काढावंच लागतं, कधी लिटरभर निघतं, आणि त्यात गाठीच्या पेशी, मॅक्रोफेज, लिम्फोसाइट सगळे एकत्र असतात. एरवी ते फेकूनच दिलं जातं. एथिक्स समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन तेच घ्या.

संमतीपत्र मराठीत समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी घाबरले होते. वाईच्या बाजूच्या एका शेतकरी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, याचा मला काय उपयोग?" मी म्हटलं, "काका, तुम्हाला बहुधा नाही होणार. पुढे येणाऱ्यांना कदाचित होईल." ते थोडा वेळ गप्प बसले, मग सही केली. पुढच्या वेळी माझं लक्ष घड्याळाकडे आहे हे त्यांनी हेरलं आणि कारण विचारलं. मी डब्याची सगळी कथा सांगितली. तिसऱ्या वेळी मी पोचले तर नळी भरताना तेच सिस्टरांना म्हणत होते, "दहा वाजून सहा मिनिटं. लिहा." चौथा नमुना झाला नाही. त्यांची फाइल बंद झाल्याचं मला यादी तपासताना कळलं. प्रगत रोगाच्या अभ्यासात अशा नोंदी येतच राहतात. मी त्या दिवशी काम थांबवून खाली जाऊन बसले होते आणि मार्गदर्शक मॅडमनी काहीही न विचारता बसू दिलं. लॅब निवडताना हेही पाहा, की दुःखाला तिथे जागा आहे का.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या लाइफ सायन्सेस पेपरातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळवा, नाहीतर डीबीटी किंवा आयसीएमआरच्या फेलोशिपचा रस्ता आहे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. पैसे अनेकदा उशिरा जमा होतात, तीन-चार महिन्यांची तजवीज करून या. आर ही संगणकभाषा नेटच्या अभ्यासासोबतच सुरू करा. मी ती दुसऱ्या वर्षी शिकले आणि फार उशीर केला. लॅबच्या प्रमुखांना ईमेल लिहिताना त्यांच्या एका पेपरातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा.

इथल्या कामाला कमी लेखू नका, हेही सांगायचंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगात १५१ रुग्णांवर एक चाचणी झाली. दोन्ही गटांना तोंडाने घ्यायची मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब ही औषधं होती, आणि एका गटाला जोडीने दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब (तेही पीडी-१ चा ब्रेक काढणारं औषध), म्हणजे नेहमीच्या डोसाचा लहानसा अंश. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. रोग वेगळा आहे, पण ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडणार नाही अशा लोकांसाठी विचारलेला हा प्रश्न आहे. सेलेकॉक्सिब हे दाह कमी करणारं औषध त्या मिश्रणात नेमकं काय करतं, हे पेशींच्या पातळीवर कुणीतरी नीट मोजायला हवं.

लॅबमध्ये रुजू झालात की पहिल्याच महिन्यात एक प्रयोग करा. संस्थेच्या नियमाप्रमाणे स्वयंसेवक म्हणून संमती द्या आणि स्वतःचं रक्त सहा नळ्यांत घ्या. पहिली लगेच फिक्स करा, मग १५ मिनिटं, ३० मिनिटं, एक तास, दोन तास, चार तास. ज्या डब्यातून तुमचे नमुने येणार आहेत त्याच डब्यात, त्याच बर्फावर नळ्या ठेवा. स्टॅट-१, स्टॅट-३ आणि एनएफ-कॅपा-बी (दाहाचा सांगावा नेणारं आणखी एक प्रथिन) मोजा, प्रत्येक प्रकारच्या पेशीसाठी वेगळी रेघ काढा, आणि तुमच्या रेघा कुठल्या मिनिटाला वळतात ते पाहा. लिम्फोसाइटची आणि मोनोसाइटची रेघ एकाच जागी वळेलच असं नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो आलेख चिकटवलेला आहे. त्यात मोनोसाइटची रेघ तासाभरानंतर चढू लागते, आणि तिथे मी लाल पेनने उभी खूण केली आहे.